म्होरला माणूस

बिरू चालताना कधी मागे बघत नसे. खांद्यावर घोंगडी, मानेवर आडवी काठी, काठीवर दोन्ही हात टाकलेले आणि नजर लांबच्या एखाद्या झाडावर. त्याच्या मागे दीडशे मेंढरं खाली माना घालून येत. वाटेत भेटणारा नवखा माणूस आधी त्या एकट्या माणसाकडे बघे, मग धुळीकडे, आणि मग त्याला कळे की ही धूळ ह्याचीच आहे.

गुरं हाकायची मागून आणि मेंढरं न्यायची पुढून. बैल पुढं, गुराखी मागं, हे जगानं पाहिलेलं असतं. त्यामुळे मेंढरांचंही तसंच असणार असं जग धरून चालतं. पण मेंढरू मागून हाकललं की बुजतं आणि चार दिशांना चार तोंडं करतं. पुढं ओळखीची पाठ दिसली की मात्र ते काट्याकुट्यातूनही मुकाट चालतं. बिरूचा बाप येडबा म्हणायचा, "मेंढराला पाठ दाखव, तोंड दाखवू नगंस. तुजं तोंड बगितलं की त्ये थांबतंय." बापानं आयुष्यात शहाणपणाच्या गोष्टी दोन-तीनच सांगितल्या, त्यातली ही एक. बिरूनं ती पन्नाशीपर्यंत सांभाळली.

जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा हा माणूस. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचा आणि रानोरान फिरत चैत्रात ताडकळसला पोचायचा. तिथं दिनकररावांच्या मोकळ्या रानात पंधरा दिवस मेंढरं बसवायची. मेंढरं रात्री रानात बसली की लेंडी-मुतानं जमीन अशी तयार होते की पुढचं पीक बघणाऱ्यानं बघत राहावं. दिनकररावांच्या रानात आधी येडबाची मेंढरं बसली, मग बिरूची. पण त्या रानाच्या तिन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या विहिरीवरचा हिरवागार मका असायचा. एक मेंढरू बांधापलीकडे गेलं तर अख्ख्या गावात भांडण. तीस वर्षांत शेजाऱ्याचं एक पान गेलं नव्हतं. त्या तीस वर्षांवरच बिरू ताठ मानेनं ताडकळसला शिरायचा. दुसरं मिरवण्यासारखं त्याच्याकडे होतं तरी काय?

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन तीन-चार महिने झाले होते, त्या माघातली गोष्ट. बिरू मेंढरं घेऊन बोरीकडून परभणीच्या सडकेनं निघाला होता. बायको कासाबाई तट्टावर बिऱ्हाड लादून, कोकरं जाळीत घालून सकाळीच पुढं गेली होती. बाईनं पुढं जाऊन चूल मांडायची आणि गड्यानं मागून कळप आणायचा, ही त्यांची नेहमीची रीत. सडकेला नाल्यावर एक मोरी होती आणि दोन्ही अंगांना बाभळीचं कुंपण. मोरीपाशी आल्यावर कवडी नावाची मेंढी कळपातून फुटून नाल्यात उतरली. व्यायला झालेली, आणि कोकरू आडवं आलेलं. बिरू तिच्यामागं खाली उतरला.

पाठ दिसेना झाली तशी मेंढरं होती तिथं उभी राहिली. दोन कुंपणांच्या मधोमध, सडक भरून. बेशिस्त म्हणून नव्हे, शिस्त म्हणूनच.

तेवढ्यात मागून उतारूंनी भरलेली सरकारी मोटार आली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून आणखी घट्ट झाली. मोटारीत भुजंग नावाचा पोलीस होता. शेतकऱ्याच्या घरचा पोरगा, तीन वर्षांची नोकरी. कामाला खरा आणि म्हणूनच जरा जास्त कडक. तो उतरला, कळपाच्या शेपटाशी उभा राहिला, मागे पाहिलं, दोन्ही कुंपणांत पाहिलं. कोणी नाही. "कोन हाय रे राखणीला?" म्हणून तो ओरडला, पण खाली मोरीत मेंढी कण्हत होती आणि बिरूचा हात कोपरापर्यंत गुंतलेला होता. मोटार अर्धा तास अडली. उतारूंनी आपापल्या कामांची नावं घेऊन शिव्या घातल्या.

बिरू वर आला तो ओलं कोकरू छातीशी धरून. कोकरू जगलं होतं, त्यामुळे तो खुशीत होता. समोर खाकी कपडे बघून तो थांबला.

"मेंढरामागं कोन व्हतं?" भुजंगनं विचारलं.

"कोनी न्हाई," बिरू म्हणाला.

"खरं सांगायलास का?"

"खोटं कामून सांगू जमादारसाब? मागं कोन आसंल?"

त्याच्या दृष्टीनं प्रश्नच अजब होता. मेंढरामागं माणूस कशाला लागतो? भुजंगच्या दृष्टीनं मात्र गुन्हा कबूल झाला होता. त्यानं मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून चालान लिहिलं. बिरूनं कोकराचं अंग पुसता पुसता अंगठा उठवला. वाट अडली होती हे खरंच होतं, आणि खऱ्याला अंगठा द्यायला त्याची कधी ना नसे.

नशीब असं की त्याच मोटारीत दिनकरराव बसलेले. लेकीच्या सासरहून परत निघालेले, परभणीत एका कचेरीत त्यांचं काम होतं आणि तो अर्धा तास नेमका त्यांचा गेला होता. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून कागद मागितला आणि मोठ्यानं वाचला. "रस्त्यावर मेंढरं मोकाट. राखणीला माणूस नाही. वाहतुकीस अडथळा."

बिरूच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली. "मालक, मानूस न्हाई आसं लिवलंय?"

"लिहिलंय आणि खाली तुझा अंगठाय. बिरू, मेंढरं अशी सोडून देत असशील तर माझ्या रानात कशी बसवू? शेजारी मका हाय. उद्या कुणाच्या वावरात घुसली तर लोक माझ्या दारात येतील."

"मालक, तुमी मला वळखता न्हवं?"

"वळखतो. पण कागद कागद असतो. कोर्टातून काय ते साफ करून आण, मग बघू." मोटार निघाली. दिनकरराव वाईट माणूस नव्हते. पण छापील कागदापुढं डोळ्यांचं ऐकायचं नाही, ही आपल्याकडच्या शहाण्या माणसांची जुनी खोड आहे, आणि ते शहाणे होते.

त्या दिवसापासून बिरू मागे बघू लागला. दहा पावलं चालला की मान वळे. मान वळली की म्होरली मेंढरं थांबत, त्यांच्यावर मागची आदळत, दोन-चार बाजूला फुटत. कोसभर जायला दुप्पट वेळ लागू लागला. एके दिवशी कासाबाईनं तव्यावरची भाकरी उलटता उलटता विचारलंच.

"अवं, मागं काय बगायलाव सारकं? कोन येयलंय?"

"कोनी न्हाई. म्हनूनच बगायलोय."

"त्या पोलिसाचं येवढं मनाला लावून घ्यावं व्हय? त्या मालकाचं रान जाऊ द्या चुलीत. बाकीची रानं वस पडली का?"

"रान मिळंल कासा. पन कागदावर लिवलंय, ह्याच्या मेंढराला मानूस न्हाई म्हून. मंग म्या इतकी वर्सं कोन व्हतो?"

कासाबाईनं भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापाशी उभी केली. नवऱ्याला तिनं दुष्काळात पाहिलं होतं, लेकराच्या मरणात पाहिलं होतं. असा खचलेला पाहिला नव्हता.

पेशी चैत्रात लागली. ताडकळसला जायची वेळ आणि कोर्टाची वेळ एकच आली. कळप सोडून जायचा तर प्रश्नच नव्हता, म्हणून दोघं नवराबायको मेंढरांसकट परभणीत आली. कोर्टासमोर मोठं मैदान होतं आणि मैदानात दोन कडुलिंबं. ऊन चढल्यावर मेंढरं लिंबाच्या सावलीत गोळा झाली आणि एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली. उन्हाच्या वेळी मेंढरू असं उभं राहिलं की जग इकडचं तिकडं झालं तरी हलत नाही. कासाबाईला तिथं बसवून बिरू कोर्टाच्या ओट्यावर गेला.

तिथं बन्सीधर नावाचे अर्ज लिहून देणारे मुन्शी बसत. निजामाच्या वेळी उर्दूत लिहायचे, आता मराठीत लिहायचे. भाषा बदलली होती, चष्मा तोच होता. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "गुन्हा कबूल म्हन. हाकीम एक रुपया दंड करंल. दोन मिन्टाचं काम."

"रस्ता आडला, कबूल हाय. मानूस नव्हता हे न्हाई कबूल."

"आरं, दोन्हीला दंड तेवढाच हाय."

"दंडाचं न्हाई मुन्शीजी. त्ये वाक्य काडा."

"वाक्य काढायला कोर्टात कोनी येत नसतंय बाबा," बन्सीधर म्हणाले. पण आयुष्यभर लोकांचे खरेखोटे अर्ज लिहिलेला तो माणूस, असलं काही त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तो आपली पेटी बंद करून बिरूबरोबर आत गेला.

हाकीम नवे होते, मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावर आलेले, कोकणातले. भात, आंबा, मासळी यातलं त्यांना विचारावं. मेंढरू मात्र त्यांनी इकडे आल्यावरच जवळून पाहिलेलं. माणूस शांत होता, बोलणं नीटस होतं.

"गुन्हा कबूल आहे का?"

"रस्ता आडला त्ये कबूल हाय साहेब. मेंढरं व्हती, मोटार थांबली. पन मानूस न्हाई आसं लिवलंय, त्ये न्हाई कबूल."

हाकिमांनी भुजंगला विचारलं. भुजंगनं पाहिलं तेवढं सांगितलं, तिखटमीठ लावलं नाही. मग हाकीम बिरूकडे वळले. "मेंढरांच्या मागे कोणी होतं का?"

बन्सीधरांनी डोळ्यांनी खुणावलं. नुसतं 'मी होतो' म्हणाला असता तरी निभावलं असतं. पण बिरूला खोटं बोलायचं सुचलंसुद्धा नाही.

"न्हाई साहेब. मागं कोनी नव्हतं."

कोर्टात दोघं-तिघं हसले. हाकिमांनी चष्मा काढला. "मग पोलिसांनी वेगळं काय लिहिलंय?"

आपलं काय चुकतंय हेच बिरूला समजेना. मी पुढं होतो, एवढंच सांगायचं होतं. पण माणूस मेंढरांच्या पुढं असतो हे कधी कुणाला सांगावं लागतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. भाकरी तोंडानं खातात हे कोर्टात कोण सांगत बसतं?

"बाहेर थांबा," हाकीम म्हणाले. "साडेतीनला निकाल सांगतो."

बाहेर आल्यावर बन्सीधर कपाळावर हात मारून आपल्या जागेवर जाऊन बसले. बिरू मैदानात लिंबाखाली गेला. कासाबाईनं नुसतं तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याची घागर पुढं केली. तो पाणी प्याला नाही.

ऊन कललं. साडेतीनच्या सुमारास वारा सुटला तसं एकेक डोकं पोटाखालून बाहेर निघालं. ही मेंढरांची चरायची वेळ. आता ती उठलेली होती, अंग झटकत होती आणि सगळ्यांची तोंडं बिरूकडे होती. हा हलला की हलायचं. नेमका त्याच वेळी चपराशानं ओट्यावरून पुकारा केला, "बिरू येडबा, हाजिर हो."

बिरू जागचा हलला नाही. तिथूनच हात जोडून म्हणाला, "दादा, मेंढरं उटली हायत. म्या आलो तर ती बी येतील. साहेबांना जरा—"

"साहेब तुझ्यासाठी मैदानात येतील व्हय? चल लवकर, न्हाईतर गैरहजर लिहितील."

गैरहजर. म्हणजे पुन्हा एकदा कागदावर, माणूस नाही. बिरूनं कासाबाईकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात पसरून मेंढरांना अडवायचा पवित्रा घेतला, पण दीडशेंना दोन हात कुठं पुरणार. तो निघाला.

आणि मेंढरं निघाली. मैदान ओलांडून, रस्ता ओलांडून, कोर्टाच्या फाटकातून, तो चालला तशी, खाली माना घालून. फाटकाशी उभे असलेले पक्षकार भिंतीला चिकटले. एका वकिलाचा कोट कुणीतरी हुंगला. बिरू पायऱ्या चढला आणि म्होरल्या वीस-पंचवीस मेंढ्या त्याच्यामागं पायऱ्या चढल्या. ओट्यावर खुरांचा आवाज झाला. चपराशी काठी घेऊन मागे धावला आणि ती मागून हाकलायला गेला, तशी मेंढरं बुजून फुटली. काही मुन्शींच्या पेटीवर, काही कुंड्यांत.

"मागून नगा हाकलू," बिरू एवढंच म्हणाला. त्यानं ओठ मिटून एक बारीक लांब सूर काढला, वळला आणि पायऱ्या उतरून चालू लागला. फुटलेली मेंढरं आपोआप सांधली. पाचव्या पावलाला कळप पुन्हा एक झाला आणि त्याच्या मागून फाटकाबाहेर गेला. मैदानात गेल्यावर तो थांबला, तशी ती थांबली.

हाकीम केव्हाच ओट्यावर येऊन उभे होते. त्यांनी कळपाच्या शेपटाकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. मग त्यांची नजर सावकाश पुढं सरकत बिरूवर थांबली. ते पायऱ्या उतरून, धोतराचा काठ सावरत मैदानात आले. मागे भुजंग, बन्सीधर आणि निम्मं कोर्ट.

"हे नेहमी असंच चालतं?"

"कसं साहेब?"

"तुम्ही पुढे आणि ही मागे."

"मंग कसं चालनार?" बिरूला खरंच कळलं नाही.

"त्या दिवशी मोटार आली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"म्होरं. मोरीत. मेंढी आडली व्हती, कोकरू आडवं आलं व्हतं. त्ये काय, त्येच कोकरू." कासाबाईच्या पायाशी एक पांढरं-काळं कोकरू आईला ढुशा देत होतं.

"हे तुम्ही आत का नाही सांगितलंत?"

"म्होरं कोन व्हतं, आसं कोनी इचारलंच न्हाई साहेब. सगळे मागचंच इचारायलेत."

त्यावर कोणी हसलं नाही. भुजंग एक पाऊल पुढं आला, टोपी काढली. "साहेब, आमच्या घरी बैल हायत. म्या मागंच बघितलं. मोरीपर्यंत गेलोच न्हाई." त्या वयाच्या पोलिसानं चार लोकांत एवढं बोलणं सोपं नव्हतं. आपण त्याला त्याचं श्रेय द्यावं.

हाकिमांनी आत जाऊन निकाल स्वतःच्या हातानं लिहिला. वाट अडल्याबद्दल एक रुपया दंड. बिरूनं तो कमरेच्या गाठीतून लगेच काढून दिला. आणि नक्कल मागितली. बन्सीधरांनी ती दुसऱ्या दिवशी मिळवून दिली आणि लिहिणावळ घेतली नाही. "वाक्य काढायला आलेला पहिला पक्षकार," असं ते पुढं किती वर्षं सांगत राहिले.

परभणीहून ताडकळसला बिरू दोन दिवसांत पोचला. कासाबाई नेहमीसारखी तट्टू घेऊन पुढं न जाता त्या वेळी मुद्दाम मागून चालली. तिला बघायचं होतं. त्या सगळ्या वाटेत त्याची मान एकदाही वळली नाही. तिनं पदरानं डोळे पुसले, आणि धूळ फार उडतेय असं तट्टाला सांगितलं.

दिनकरराव बांधावर उभे होते. लांबून धूळ दिसली, धुळीपुढं तो माणूस दिसला, आणि त्यांनी गड्याला सांगून रानाच्या तोंडावर लावलेली बाभळीची काटी बाजूला करवली. "ये बिरू. रान मोकळं ठेवलंय."

बिरू काटीच्या अलीकडंच थांबला. मुंडाशातून कागद काढून त्यानं पुढं केला. "वाचा मालक."

"राहू दे. कळलं मला, परभणीहून आलेल्यांनी सांगितलं."

"न्हाई मालक. त्यो कागद मोटारीत समद्यांम्होरं वाचला व्हता. ह्यो बी वाचा."

गडी होते, शेजारच्या मक्यात पाणी देणारे दोघं होते, बाया होत्या. दिनकररावांनी कागद उलगडला आणि घसा साफ करून वाचला. "मेंढपाळ कळपाबरोबर हजर होता. मेंढरे नेण्याच्या रीतीप्रमाणे तो कळपाच्या पुढे होता. राखणीला माणूस नव्हता, हे म्हणणे खरे नाही."

"आनखी एकदा."

त्यांनी आणखी एकदा वाचलं. या वेळी आवाज खाली गेला. कागदाची घडी घालून परत देताना ते बिरूकडे न बघता म्हणाले, "ह्यात नवीन काय हाय बिरू? तू पुढं चालतोस हे मी काय बघितलं न्हाई? तीस वर्षं बघायलोय."

"व्हय मालक," बिरू म्हणाला. "म्हनून तर तुमच्याकडून वाचून घेतलं."

मग त्यानं कागद मुंडाशात खोवला, काठी मानेवर घेतली आणि रानात शिरला. दिनकरराव काटीपाशी बाजूला उभे राहिले, शेवटचं कोकरू आत जाईपर्यंत.